रक्त किती वाजता काढलं, ते रिपोर्टवर छापा

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातले पॅथॉलॉजी लॅबचालक, कलेक्शन सेंटरवाले, घरी जाऊन रक्त घेणारे तंत्रज्ञ आणि आरोग्य शिबिरं भरवणारी मंडळं

सप्रेम नमस्कार.

पूर्वी हार्मोनची तपासणी म्हणजे थायरॉईड, एवढंच लोकांना ठाऊक होतं. आता ‘फुल बॉडी’ पॅकेजात कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच सगळंच येतं. रिपोर्ट रंगीत असतो, त्यावर क्यूआर कोड असतो, नॉर्मल रेंज असते. नसते ती सुई टोचल्याची वेळ. असलीच तर बऱ्याचदा ती बारकोड चिकटवल्याची किंवा काउंटरवर एंट्री केल्याची असते. मूत्रपिंडासाठी बघतात त्या क्रिएटिनिनला तेवढ्यावर भागतं. पिट्यूटरीच्या हुकमावर चालणाऱ्या हार्मोनला भागत नाही, कारण त्यांचा आकडा दिवसभरात दुपटी-तिपटीने बदलतो आणि काहींचा तर तासाभरात. म्हणून मागणी दोनच वेळांची आहे : रक्त प्रत्यक्ष काढल्याची वेळ आणि रुग्ण झोपून उठल्याची वेळ. दोन्ही फॉर्मवर लिहा, दोन्ही रिपोर्टवर छापा. का, ते पुढे सविस्तर.

पिट्यूटरी ही जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिच्या पुढच्या भागातून जीएच (वाढीचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं), एसीटीएच (अॅड्रिनल ग्रंथीला हुकूम देणारं), टीएसएच (थायरॉईडला हुकूम देणारं), एलएच आणि एफएसएच (बीजकोश आणि वृषणांना हुकूम देणारी) निघतात, आणि सगळी कमी-अधिक झटक्याझटक्याने निघतात. एलएचचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात चेतापेशींचा एक पुंजका ठरावीक अंतराने एकदम पेटतो, त्यातून जीएनआरएच या हुकूम देणाऱ्या हार्मोनचा एक झोत बारीक शिरांच्या वाटेने पिट्यूटरीत उतरतो, आणि पिट्यूटरी एलएचचा एक झोत रक्तात सोडते. पुरुषांत हे साधारण दीड ते दोन तासांनी होतं. बाईच्या पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात ६० ते ९० मिनिटांनी, आणि बीज सुटल्यानंतर तीन-चार तासांनी एकदा. झोत वेगाने आले की एलएच जास्त बनतं, सावकाश आले की एफएसएचला झुकतं माप मिळतं. म्हणजे एकच संदेश, फक्त त्याची लय बदलली की ग्रंथीचं उत्तर बदलतं.

ही लय शोभेची नाही, हे अर्न्स्ट नॉबिल यांच्या गटाने १९७० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये माकडांवर दाखवून दिलं. ज्यांचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलं होतं अशा माकडिणींना तासाला एकदा, सहा मिनिटं, जीएनआरएच दिलं तर एलएच-एफएसएच पुन्हा सुरू झालं. तेच औषध सतत, न थांबवता सोडलं तर दोन्ही खाली आले. उसाला पाळीने पाणी दिलं तर पीक उठतं, आणि रान सतत तुंबवून ठेवलं तर मुळं गुदमरतात, तसाच हा प्रकार. पिट्यूटरीच्या पेशींवरचे ग्राहक (हार्मोनला पकडणारी प्रथिनं) सततच्या माऱ्याने आत ओढले जातात आणि पेशी ऐकेनाशी होते.

यावर एक अख्खं औषध उभं आहे, आणि त्याची सॅम्पलं तुमच्याकडे येतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरला ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देतात, ते जीएनआरएचचंच लांब टिकणारं रूप. पहिला आठवडा-दीड आठवडा एलएच आणि टेस्टोस्टेरॉन उलट वर जातात, मग कोसळतात, आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला लागतं. सुरुवातीच्या या उसळीसाठीच डॉक्टर आधी बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू करतात. तेव्हा इंजेक्शननंतर पाचव्या दिवशीचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं, तर मशीन कॅलिब्रेट करायला धावू नका. फॉर्मवर इंजेक्शनची तारीख आहे का, ते आधी बघा.

आता कॉर्टिसॉल. एसीटीएचचे झोत साधारण तासाला एक येतात आणि त्यामागोमाग मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉलचे, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडचे. पहाटे हे झोत मोठे होत जातात, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल आणखी उडी मारतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. सकाळी आठला ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही ढोबळ रेंज आहे. संध्याकाळी चार-पाचला ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली असतं. निरोगी माणसाचं मध्यरात्री झोपेत १.८ च्याही खाली जातं. संध्याकाळी सहाला घेतलेल्या रक्तात ४ आलं आणि शेजारी सकाळची रेंज छापली, तर रिपोर्टमध्ये तो आकडा ठळक अक्षरात ‘लो’ म्हणून येतो. माणूस धडधाकट असतो, पण घरात रडारड सुरू होते. याच्या उलटही घडतं. संध्याकाळी सहाला १८ आलं तर ते ‘नॉर्मल’ छापलं जातं, आणि खरं तर त्याच आकड्यावर डॉक्टरांनी थांबायला हवं असतं.

कॉर्टिसॉल घेण्याआधी एक प्रश्न तोंडी विचारायलाच हवा : स्टेरॉइड चालू आहे का? आणि प्रश्न याच शब्दांत विचारला तर उत्तर ‘नाही’ येणार. सांधेदुखीची पुडी, दम्याचा पंप, अंगावरच्या डागांची क्रीम, ‘ताकदीची’ गोळी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली पांढरी गोळी, असं एकेक विचारा. प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या रक्तात बऱ्याच किटमध्ये कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं, कारण किटला दोघांतला फरक कळत नाही. डेक्सामेथासोन किटला दिसत नाही, पण पिट्यूटरीला दाबून टाकतं, म्हणून कॉर्टिसॉल जवळपास शून्य येतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड चालू असेल तर पिट्यूटरी एसीटीएच सोडायची सवयच मोडून बसते, आणि औषध अचानक बंद केलं तर रुग्ण उलट्या, चक्कर, बीपी पडणं अशा अवस्थेत दवाखान्यात पोचतो. हा प्रश्न लॅबमध्ये विचारला गेला तर तेवढ्यानेही कुणाचा जीव वाचू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही विचारा. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण कॉर्टिसॉल फुगून दिसतं. तपासणी यावरच अवलंबून असेल तर गोळ्या सहा आठवडे आधी थांबवतात, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने.

डेक्सामेथासोनच्या रात्रीच्या टेस्टमध्ये (गोळी दिल्यावर कॉर्टिसॉल दबतं का, ते बघायची) सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, आणि तो बहुतेक घड्याळाचा असतो. रात्री ११ ला १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त. कॉर्टिसॉल १.८ च्या खाली आलं की पिट्यूटरीने हुकूम मानला. रुग्ण जेवणानंतर साडेआठलाच गोळ्या घेऊन झोपला, किंवा सेंटरवर रांग होती म्हणून रक्त साडेअकराला निघालं, तर औषधाचा जोर ओसरलेला असतो आणि आकडा फसवतो. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर यकृत डेक्सामेथासोन भराभर संपवतं, आणि नसलेला कुशिंग (कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचा आजार) कागदावर दिसतो. फॉर्मवर गोळ्या घेतल्याची वेळ, रक्त काढल्याची वेळ आणि चालू औषधं, या तीन ओळी एवढ्यासाठी.

रात्री ११ नंतरच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासायचं असेल तर रुग्णाला घरी द्यायच्या सूचना मराठीत छापून द्या. आधी अर्धा तास खाणं-पिणं नको, दात घासणं नको (हिरडीतून रक्त आलं तर नमुना वाया), आणि तंबाखू, मिश्री, मावा तर अजिबात नको. हे शेवटचं आपल्या जिल्ह्यात मोठ्या अक्षरात छापावं लागेल. नमुना फ्रिजमध्ये, आणि एका रात्रीवर निकाल नाही, किमान दोन रात्रींचे नमुने.

वरचं सगळं गणित रात्री झोपणाऱ्या माणसाचं आहे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या किंवा कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्रीत तिसऱ्या पाळीला जाणारा, इचलकरंजीत रात्रभर मागांवर उभा राहणारा, गळीत हंगामात कारखान्यावर रात्रपाळी करणारा, यांच्यासाठी सकाळचे आठ म्हणजे झोपायची वेळ. शरीराचं मूळ घड्याळ मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर असतं आणि उजेडावर चालतं, त्यामुळे ते पाळीबरोबर लगेच फिरत नाही. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर ते ना इकडचं राहतं ना तिकडचं. अशा माणसाचं सकाळी आठचं कॉर्टिसॉल कुठल्या रेंजशी जुळवायचं, हे रेंज छापणारं सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. फॉर्मवर ‘रात्रपाळी, सकाळी ९ ते दुपारी ३ झोप’ एवढं लिहिलं तरी डॉक्टर सावध होतात. शक्य असेल तर दिवसपाळीचे किंवा सुट्टीचे सलग काही दिवस गेल्यावर रक्त घ्या. रात्रीच्या लाळेची तपासणी मात्र या मंडळींना करूच नका.

प्रोलॅक्टिनवर जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त नाहक एमआरआय यापायी होतात. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, पहाटे सर्वांत जास्त असतं आणि उठल्यावर तास-दोन तासांत उतरतं. दुपारच्या डुलकीनंतरही वाढतं. पहाटे सहाला घरी जाऊन झोपेतून उठवून घेतलेल्या रक्ताचं प्रोलॅक्टिन म्हणजे झोपेचंच प्रोलॅक्टिन. उठल्यापासून दोन-तीन तासांनी घ्या. त्यात ताणानेही ते चढतं. बाई जिने चढून आली, गर्दीत उभी राहिली, शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं, आणि आलं ३८. वरची मर्यादा साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, मग ३८ म्हणजे गाठ? प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या मोठ्या गाठीत आकडा बहुधा २०० च्या पुढे असतो. ३८ ला आधी वीस मिनिटं शांत बसवून पुन्हा बघायचं असतं. त्याची नीट रीत अशी : सलाईनची बारीक सुई शिरेत बसवा, रुग्णाला अर्धा तास आडवं पडू द्या, मग त्याच सुईतून वीस-वीस मिनिटांनी दोन-तीन नमुने घ्या. प्रत्येक वेळी आधीचं एक-दोन मिलिलिटर रक्त टाकून द्या, नाहीतर सलाईन मिसळून आकडा पातळ होतो. शेवटचा नमुना नॉर्मलला आला तर विषय संपला.

औषधं इथेही विचारायची, आणि यात एक नाव पाठ करा : लेव्होसल्पिराइड. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलबरोबर ते सर्रास मिळतं, आणि खाणाऱ्याला ती फक्त ‘गॅसची गोळी’ असते. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड त्याच माळेतले. ही औषधं प्रोलॅक्टिनवरचा डोपामिनचा लगाम सोडतात, आणि आकडा शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजाराची औषधंही हेच करतात, पण ती रुग्णाने आपल्या मनाने बंद करायची नाहीत, एवढं काउंटरवरून स्पष्ट सांगा. थायरॉईड कमी असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून सोबत टीएसएच हवंच. लॅबच्या बाजूने दोन गोष्टी. लक्षणं नसताना आकडा जास्त असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलने मॅक्रोप्रोलॅक्टिन (अँटिबॉडीला चिकटलेलं मोठं प्रोलॅक्टिन) वेगळं काढून बघा. ते रक्तात साचतं, मशीनला दिसतं, शरीराला त्रास देत नाही. आणि एमआरआयमध्ये मोठी गाठ असूनही प्रोलॅक्टिन किरकोळच वाढलेलं आलं, तर सीरम शंभर पट पातळ करून पुन्हा लावा. अतिरेकी प्रोलॅक्टिनमध्ये किटच्या दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या भरून जातात, हार्मोनला दोन्ही बाजूंनी धरणारं सँडविच बनत नाही, आणि हजारोंचा आकडा शेकड्यात दिसतो. हे चुकलं तर गोळ्यांनी विरघळणारी गाठ ऑपरेशनला जाते.

टेस्टोस्टेरॉनचं थोडक्यात : सकाळी ७ ते १०, उपाशी पोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. तिशी-चाळिशीच्या पुरुषात दुपारी चारचं टेस्टोस्टेरॉन सकाळी आठपेक्षा २० ते २५ टक्के कमी असतं. साखर पोटात गेली तरी तेवढंच पडू शकतं, म्हणजे मिसळ हाणून आलेल्याचं रक्त त्या दिवशी नकोच. तालमीतली पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारून येतात. त्यांचं जीएच, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल मेहनतीने चढलेलं असतं, तेव्हा आदल्या दिवशीपासून जड मेहनत बंद ठेवायला सांगा. एखाद्या पिळदार पोराचं एलएच, एफएसएच दोन्ही तळाला आणि टेस्टोस्टेरॉन एकतर अफाट किंवा अगदी शून्याजवळ आलं, तर बाहेरून इंजेक्शनं घेतली जातायत हे डॉक्टरांना समजतं. बाहेरून हार्मोन मिळालं की हायपोथॅलॅमस झोत सोडणं थांबवतो, आणि इंजेक्शनं बंद केल्यावरही ती लय परत यायला महिनोन्महिने लागतात. रिपोर्ट पोराच्या हातात द्या, वस्तादांच्या किंवा मित्रांच्या नको.

जीएच एकदाच घेतलेलं म्हणजे पैसे पाण्यात. दोन झोतांच्या मध्ये ते मोजता येणार नाही इतकं खाली असतं, रक्तात पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं, आणि दिवसातला मोठा झोत रात्री गाढ झोप लागल्यावर येतो. ‘पोरगं उंचीला कमी आहे, जीएच करा’ म्हणून पालक आले तर एकट्या जीएचची पावती फाडू नका. जीएचच्या हुकमाने बनणारं आयजीएफ-१ दिवसभर स्थिर असतं, ते बघता येतं, आणि पुढे उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन जीएच सोडायला लावायचं. क्लोनिडीनची चाचणी उपाशी पोटी, शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ०.१५ मिलिग्रॅम गोळी, आणि ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना रक्त. पोराचं बीपी पडतं, ते पेंगतं, उठवलं तर चक्कर येऊन आपटतं. म्हणून ही चाचणी डॉक्टर हजर असलेल्या दवाखान्यातच, दर अर्ध्या तासाला बीपी बघून. कलेक्शन सेंटरच्या बाकड्यावर नाही. थायरॉईड कमी असेल तर आधी ते दुरुस्त करायचं, नाहीतर जीएच खोटंच कमी येतं. जीएच जास्त असल्याचा संशय असेल, हातपाय-जबडा वाढत असेल, तर उलटी चाचणी : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तास दर अर्ध्या तासाला जीएच. निरोगी पिट्यूटरी १ नॅनोग्रॅमच्या खाली उतरते, गाठ उतरत नाही.

टीएसएच त्या मानाने समजूतदार आहे. रात्री चढतं, दुपारी उतरतं, पण त्याची रेंज रुंद असल्याने सहसा निभावतं. सीमेवरच्या आकड्यांतच घोळ होतो. सकाळी उपाशी ५.२ आलेलं दुपारी जेवणानंतर रेंजमध्ये बसू शकतं, म्हणून पुनर्तपासणी त्याच वेळेला करा. थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर किमान दोन दिवस आधी बंद, कारण बायोटिनवर चालणाऱ्या किटमध्ये टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, आणि माणसाला नसलेला थायरॉईडचा अतिरेक चिकटतो.

एलएच-एफएसएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी घ्या आणि पाळीचा दिवस रिपोर्टवर छापा. एका नमुन्यातलं एलएच झोताच्या माथ्यावरचं की पायथ्याचं, ते कळत नाही. पीसीओएसमध्ये (बीजकोशांचा हार्मोनी विकार) झोत मुळातच वेगाने येतात, त्यामुळे एकाच एलएच-एफएसएच गुणोत्तरावर निदान ठोकणं धोक्याचं. नेमका आकडा हवाच असेल तर वीस मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सीरम समप्रमाणात मिसळा आणि एकदाच लावा. किट एकच खर्च होतं.

राहिलं एसीटीएच. ते रक्तात दहा मिनिटांच्या आसपास निम्मं होतं आणि नळीतही विरतं. आधी बर्फात गार केलेली जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, काढल्याबरोबर बर्फात, गार सेंट्रीफ्यूजमध्ये लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा, आणि लगेच गोठवलेला. चंदगड किंवा आजऱ्याहून डिकीत ठेवून आणलेल्या नळीतलं एसीटीएच हमखास कमी येतं, आणि त्यावरून पिट्यूटरी नीट चालत नाही असं कुणीतरी समजून बसतं. गार सेंट्रीफ्यूज नसेल तर एसीटीएच घेऊ नका. रुग्णाला शहरात पाठवा. मुंबईला रात्रीच्या गाडीने पाठवायचं असेल तर गोठलेलंच, कोरड्या बर्फात. वाटेत वितळून पुन्हा गोठलेलं असेल तर ते रद्द.

गणेशोत्सवात तालीम मंडळं संध्याकाळी आरोग्य शिबिरं घेतात, त्यांना एवढंच : संध्याकाळच्या शिबिरात एचबीए१सी घ्या, क्रिएटिनिन घ्या, टीएसएचही चालेल. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, जीएच आणि एसीटीएच त्या पॅकेजातून काढून टाका. कुणाला खरंच हवं असेल त्याला चिठ्ठी द्या, आणि सकाळी उठल्याची वेळ लिहून लॅबमध्ये यायला सांगा.

आपले,
हार्मोनच्या तपासण्या रोज वाचणारे काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ,
कोल्हापूर